पाय ठेवायला जागा नसलेली गोधडी

गोधडी अंगावर घेतली की तिच्या एका टोकाला डोके येते आणि दुसऱ्या टोकाला पाय. हे कळायला शिंपी असावे लागत नाही. मी तर शिंपी होतो, घरचा कर्ता होतो, दोन लेकरांचा बाप होतो, आणि तरी हे विसरलो. त्या विसरण्याची लाज मी अजून मनात बाळगतो. आज लोक मला ज्या कामासाठी ओळखतात ते कामही त्या विसरण्यातूनच निघाले, म्हणून कोणी कौतुक करू लागले की मला ओशाळल्यासारखे होते.

एका मासिकाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कलेविषयी लिहा’ असे कळवले, तेव्हा मी पत्र बायकोला वाचून दाखवले. ती ज्वारी निवडत होती.

“कला म्हंजे त्या चिंध्याच ना?” तिने विचारले.

“त्याच.”

“मंग लिहा. पण चिंध्या लोकायच्या होत्या, हेबी लिहा.”

तर हे आधीच लिहून टाकतो. चिंध्या लोकांच्या होत्या. माझे फक्त टाके.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची ओसरी आहे. तिथेच आमचे दुकान. वडील बंड्या आणि पैरणी शिवत, मीही तेच शिकलो. पुढे शेजारच्या आळीत एकाने अकोल्याहून शिवणयंत्र आणले. त्याच्या यंत्राचा आवाज ऐकायलाच माणसे जमत, आणि जमलेली माणसे सदऱ्याचे माप देऊन उठत. माझ्याकडे सुई राहिली. आई आळीतल्या बायकांच्या गोधड्या शिवून देत असे. तिची नजर अधू झाली तेव्हा अर्धी राहिलेली एक गोधडी मी पुरी केली. मग दुसरी आली, तिसरी आली. आमच्याकडे गोधडी शिवणे हे बायकांचे काम. बाजारातले लोक ओसरीसमोर थांबून म्हणत, “का गा गोविंदा, चूलबी तूच पेटवतं का?” मी मान खाली घालून टाके घालत राही. मान खाली घालण्याची मला सवयच आहे, आणि या धंद्याला ती सोयीची पडते.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. घरातले जुने कपडे आधी धुऊन, उसवून, सपाट करून घ्यायचे. सारवलेल्या जमिनीवर एक सबंध धोतर अंथरायचे. त्यावर फाटक्या कपड्यांचे थर सारखे पसरायचे. याला आम्ही गोधडीचे पोट म्हणतो. त्यावर पुन्हा एक सबंध लुगडे घालायचे, आणि घरात कोणी म्हातारी असेल किंवा होऊन गेली असेल तर तिचे. मग चारही कडा शिवून, कडेकडेने आत येत टाके घालत जायचे. शेवटचा टाका मधोमध पडतो. तो घालण्याआधी आई पोटात चार दाणे ज्वारी टाकी. “गोधडी उपाशी ठेवू नये,” म्हणे, “उपाशी गोधडी ऊब देत नाही.” मीही दाणे टाकतो. त्यामुळे उंदीर लागतात हे खरे, पण आईची रीत मोडायची हिंमत मला झाली नाही.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एक पाटील ऐन चैत्रात गोधडी न्यायला आले आणि म्हणाले, “परीक्षा घेतल्याबिगर नेत नसतो.” ओसरीवरच गोधडी ओढून आडवे झाले आणि घोरू लागले. बाजार उठला तरी पाटील उठेनात. त्यांचा गडी दोनदा बैल जुंपून परत सोडून बसला. शेवटी घामाने निथळत उठले आणि मला म्हणाले, “लय गरम हाये बे! थोडी थंडी शिवून दे.” पण गोधडी काखोटीला मारूनच गेले.

दुसरी एक सोमलीबाई. पोहरादेवीच्या यात्रेहून परतताना त्यांच्या बंजारा तांड्याच्या बायका दोरा घ्यायला माझ्याकडे थांबत. सोमलीबाईंच्या चोळीवर, ओढणीवर, पिशवीवर एवढे ठिगळांचे आणि आरशांचे काम असे की डोळा कुठे ठेवावा कळत नसे. त्यांनी माझी गोधडी हाताने चाचपली आणि विचारले, “भाऊ, सारे टाके असे सरळ काहून? शिवताना कोनी रागावून राह्यलं होतं काय तुह्यावर?”

मी म्हणालो, “बाई, मजबूत होते अशानं.”

“मजबूत तर भितबी असते.” त्या खाली बसल्या, माझ्याच चिंधीचे एक पान कापले, त्याच्या कडा नखाने आत मुडपल्या आणि कोऱ्या तुकड्यावर बारीक टाक्यांनी बसवून दाखवले. “तू फाटलं म्हून ठिगय लावतं. आमी फाटलं नसलं तरीबी लावतो.” आणि हसत निघून गेल्या. ते पान मी सुयांच्या डबीत ठेवले. वेळ मिळेल तेव्हा तसे मुडपून पाहू लागलो. फुले केली, पोपट केले. पण ती सोमलीबाईंची नक्कल होती. हात माझा चाले, पण बोलत त्या असत.

अशात सखाराम माळी आला.

गावाबाहेर नाल्याच्या काठाने सखारामचा मळा. मेथी, वांगी, आंबाडी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी त्याची बायको भागीरथी टोपले घेऊन माझ्या ओसरीपुढेच बसायची. आदल्या वर्षी ती गेली. एकच मुलगी, गया. तिचे लग्न कामरगावला ठरले होते. सखारामने माझ्यापुढे गाठोडे ठेवले. त्यात भागीरथीची दोन लुगडी होती, एक हिरवे, एक विटकरी. त्याचे स्वतःचे जुने लाल पागोटे, एक धोतर, गयाचा लहानपणचा निळा परकर आणि पोळ्याची बैलांची जुनी झूल.

“पोरगी सासरी निंघाली,” तो म्हणाला, “अन पाठवाले माय नाई. मायच्या लुगड्यात तरी जाऊ दे तिले. थंडी वाजली त माय पांघरीन.”

एवढेच त्याचे मागणे होते. गयाला आईची ऊब मिळावी. आणि भागीरथीची एवढीच दोन लुगडी मागे राहिली होती.

रिवाजाप्रमाणे हिरवे लुगडे सबंध वर घालायचे. मी ते उलगडले, तर गुडघ्यांच्या जागी झिजून जाळी झालेले. जन्मभर वाफ्यात गुडघे टेकून भाजी खुडलेली बाई. लुगडे तिथेच विरणार. जाळीवर मी हात फिरवत बसलो, आणि मला ते लुगडे दिसेनासे होऊन मळाच दिसू लागला. हिरवा पोत म्हणजे मेथीचा वाफा. काळसर काठ म्हणजे पाण्याचे पाट. निळा परकर म्हणजे विहीर. मी कात्री उचलली.

कोणाला विचारले नाही. आधी सखारामला विचारायला हवे होते. मी उत्तराला भ्यालो असेन, किंवा उत्तर काहीही आले तरी आता थांबणार नाही हे मला कळले असेल. बायको पाणी घेऊन ओसरीवर आली आणि तिच्या हातून तांब्याच निसटला.

“अजी, मायचं लुगडं कापलं तुमी?”

“कापलं.”

“आता?”

“आता शिवतो.”

त्या दिवसांत मला जे सुख झाले ते सांगायला संकोच वाटतो, कारण ते एका मेलेल्या बाईच्या लुगड्यावर चालले होते. पण खोटे कसे लिहू? पहाटे सुई हाती घ्यावी आणि जेवायला हाक येईपर्यंत वर पाहू नये, असे झाले. पाटाचे पाणी दाखवायला मी टाके वाकडे घातले, आयुष्यात प्रथमच मुद्दाम वाकडे. नांगरटीला दाट टाके, भाजीला विरळ. झुलीतून बैलजोडी कापली. धोतर आणि पागोट्यातून मोट हाकणारा सखाराम केला. विहिरीपलीकडे त्याच्या मळ्यात सात आसरा आहेत, शेंदूर लावलेले सात दगड, जलदेवता त्या. पागोट्याच्या लाल तुकड्यांतून त्याही बसवल्या. आणि विटकरी लुगड्याच्या पदरातून, वाफ्यात वाकून भाजी खुडणारी एक बाई केली. तोंड काढता येत नव्हते, म्हणून पाठमोरी केली. मधल्या विहिरीत शेवटचा टाका घालण्याआधी चार दाणे ज्वारी टाकली.

सखाराम न्यायला आला. गोधडीपुढे उकिडवा बसला आणि वाकून एकेक तुकडा पाहू लागला. मग त्याने पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवले.

“ही वांगे तोडून राह्यली?”

“मेथी.”

“मेथीच अशीन. वांग्याले ती एवढी वाकत नोती.” आणि पागोट्याच्या टोकाने त्याने डोळे पुसले.

मला वाटले, निभावले. खरी परीक्षा पुढे होती.

लग्नात रुखवत मांडतात तेव्हा मुलीच्या भांड्यांबरोबर तिचे अंथरूण-पांघरूणही मांडवात ठेवतात आणि वरपक्षाची वडीलधारी मंडळी ते पाहतात. बाजेवर माझी गोधडी पसरली होती. बायांची ही गर्दी झाली. “अवं, हे पाय, मोट!” “हे बैल पाय, शिंगं रंगोले हायेत!” मी मांडवाच्या खांबाआड उभा राहून ऐकत होतो. आयुष्यात एवढे गोड कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील आले. कामरगावचे किसनबुवा, उंच, हाती कायम छत्री, आणि बोलणे असे की समोरच्याने आधीच चुकलो म्हणावे. त्यांनी गोधडी नीट पाहिली आणि विचारले, “डोकं कोन्या अंगाले?”

कोणी तरी म्हणाले, “ह्या. बाई हाये त्या अंगाले.”

“मंग पाय?”

सगळे दुसऱ्या टोकाकडे पाहू लागले. तिथे आसरा होत्या.

म्हणजे पाय देवींना लागणार. मग गयाची एक आत्या बोलली, “फिरवा ना बाजू. सोपं हाये.” चार जणींनी गोधडी उलटी फिरवली. आता पाय आले ते भागीरथीच्या पाठीवर.

“मायले लाथ मारन का पोरगी?” किसनबुवा म्हणाले.

“आडवी घ्या.” आडवी घेतली. पाय बैलांवर आले. पोळ्याला ज्यांच्या पाया पडायचे ते बैल.

“अजून एक अंग हाये,” आत्याने धीर सोडला नव्हता. चौथ्या अंगाला मोट हाकत खुद्द सखाराम उभा.

नवरदेवाचा एक मित्र मागून ओरडला, “मंग उभ्यानं झोपा!” आणि मांडव हसण्याने हादरला. किसनबुवा मात्र हसले नाहीत. छत्री टेकून म्हणाले, “शिंपी कोन हाये? या गोधडीत पाय ठेवाले जागाच नाई. हे पांघरून नोहे, हे वावर हाये.”

खांब मोठा नव्हता, नाहीतर मी पुरता त्याच्याआड गेलो असतो. पुढे आलो. लुगडे कापून झाले होते. कापलेले लुगडे आणि बोललेला शब्द मागे येत नाही. सखारामने ज्यासाठी गाठोडे आणले होते तेवढे एकच काम त्या गोधडीला करता येत नव्हते. ती गयाच्या अंगावर जाऊ शकत नव्हती. “चुकलो बुवा,” एवढे म्हणालो.

तेव्हा गया आतून आली. हळदीने पिवळी, डोक्याला मुंडावळ्या. तिला सांगायला कोणी धजेना, पण तिने ऐकलेच होते. ती बाजेजवळ बसली आणि त्या पाठमोऱ्या बाईच्या कमरेशी बोट नेले.

“माही माय पदर असाच खोचे,” ती म्हणाली. मग सासऱ्याकडे न पाहता, हळू पण स्पष्ट, “मी नेतो इले. पाय नाई पसरनार.”

“मंग काय करशीन? पूजा?”

“भितीले टांगीन.”

“भितीले?” किसनबुवांनी सगळ्यांकडे पाहिले. “भितीले थंडी वाजते काय?”

पुन्हा हशा पिकला. पण ते नको म्हणाले नाहीत, आणि गोधडी कामरगावला गेली.

लोकांना गंमत झाली, मला मात्र जेवण गोड लागेना. मी कात्री आढ्याला खोचून ठेवली आणि पुन्हा सरळ टाके घालू लागलो. “भितीवरची गोधडी शिवून देता का?” असे विचारत कारंज्याकडून, मानोऱ्याकडून लोक येऊ लागले. कामरगावला कोणी पाहुणा गेला की भिंत पाहून येई आणि माझे नाव विचारी. मी सगळ्यांना नाही म्हणे. माणसाला ऊब द्यायची ती वस्तू, ती आपल्या हौसेपायी भिंतीवर गेली. वरून आणखी भिंती कशाला झाकायच्या? सोमलीबाई एकदा दोरा घ्यायला आल्या, माझे सरळ टाके पाहिले आणि म्हणाल्या, “आता कोन रागावलं तुह्यावर?” मी म्हणालो, “मीच.”

दुसऱ्या हिवाळ्यात सखाराम छकडा जुंपून दारात उभा राहिला. “चाल गा गोविंदा. नातू झाला. बारसं हाये.”

गयाला माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झाले होते. मी नको नको म्हणत होतो. माझ्या बायकोने बंडी अंगावर फेकली. “जा, अन डोयानं पाहून या. घरी बसून किती दिवस झुरता?” वाटभर सखाराम नातवाचे नाक कोणावर गेले असेल याची चर्चा बैलांशी करत होता.

कामरगावला पोहोचलो. माजघरात पाऊल ठेवले आणि आधी भिंत पाहिली. भिंत मोकळी होती. दोन खुंट्या, आणि त्यांच्यामध्ये जरा उजळ राहिलेला मातीचा चौकोन. काढून टाकली. बरोबरच केले त्यांनी.

“काका, इकडे या,” गयाने मागल्या अंगणातून हाक मारली.

अंगणात कोवळे ऊन होते. सारवलेल्या जमिनीवर माझी गोधडी अंथरली होती, आणि तिच्या मधोमध, उघडेनागडे, तेल लावून चकचकीत झालेले बाळ हातपाय झाडत पडले होते. शेजारी किसनबुवा पहारा देत बसलेले, बाळाच्या डोक्यावर छत्री धरून. बाळाच्या टाचा नेमक्या आसरांवर दणादण बसत होत्या.

“बुवा,” मी चाचरत म्हणालो, “पाय...”

“गप बस रे शिंप्या! लेकराचे पाय देवाले लागत नसतेत. देवच लेकराच्या पाया पडते. एवढं समजत नाई अन गोधड्या शिवतं!”

मांडवात मला दटावणारा माणूस तोच, आवाज तोच. पण मी असा हसलो की सखाराम माझ्याकडे पाहतच राहिला.

गया पाणी घेऊन आली. मी तिला म्हणालो, “बाई, माझ्याकडून तुझ्या मायचं लुगडं वाया गेलं. तुले पांघराले नाई झालं.”

“कोन म्हनते?” ती म्हणाली. “मामंजी म्हने, भितीले थंडी वाजते काय. भितीले नाई वाजत, मले वाजे. मंग मी संध्याकाळी काम सरलं की भितीले पाठ लावून बसे. बरोब्बर मायच्या पाठीले पाठ. मागून उन्हानं भित तापलेली राहे ना काका, गोधडीत ते ऊन मुरून राहे. लय गरम लागे.” मग सासऱ्याकडे पाहून हळूच, “मामंजीबी बसत. मी पान्याले गेली की.”

“म्या कधी?” किसनबुवा म्हणाले. “म्या बैलं पाहे. एका बैलाचं शिंग वाकडं केलं यानं.”

तेवढ्यात बाळ एकदम स्तब्ध झाले, गंभीर झाले, आणि त्याची धार बरोबर मधल्या निळ्या विहिरीत पडली.

गया “अगं बाई!” म्हणून धावली. सखाराम ओरडला, “हिरीले पानी लागलं! नातवानं हिरीले पानी लावलं!” मी पुढे होऊन गोधडी उचलू लागलो, तर किसनबुवांनी छत्रीने माझा हात अडवला.

“थांब. पोटात जवारी टाकली अशीन ना तू?”

“चार दाणे. विहिरीतच.”

“मंग राहू दे. उगोते आता.”

त्या अंगणात आम्ही तिघे बाप्ये आणि ती ओली बाळंतीण असे हसलो की शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावल्या. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि थांबेना.

निघताना किसनबुवांनी मला दाराशी गाठले. आपली ती जुनी छत्री माझ्या हातात दिली. “हे कापड काढून घे. माह्या वावराची एक शिव. कपाशी दाखव, निंब दाखव, काय दाखवाचं ते दाखव. पण भितीसाठी नोको. मले झोपाले पाहिजे. पायाकडं थोडं पडीत ठेवजो.”

घरी येऊन मी आढ्याची कात्री काढली. किसनबुवांच्या वावरात पांढरी कपाशी फुलली, निंब आला, आणि पायथ्याला छत्रीच्या काळ्या कापडाची एक कोरी पट्टी आली. काळी, न पेरलेली जमीन, तिच्यावर एकही टाका नाही.

त्यानंतर मी पुष्कळ गोधड्या शिवल्या. कोणाचा पोळा, कोणाचा बाजार, कोणाच्या मेलेल्या बैलाची आठवण. एक तर अमरावतीच्या प्रदर्शनातही टांगली गेली. सध्या लढाईमुळे कापडाची टंचाई आहे, तरी लोक घरातले विरलेले शेवटचे लुगडे घेऊन येतात, आणि त्याला कात्री लावताना मला दर वेळी भीती वाटते. ती वाटत राहावी असेच मला वाटते. मात्र आता कापण्याआधी मी घरच्यांना विचारतो, आणि भिंतीवर जाणारी असो की खाटेवर, प्रत्येकीच्या एका टोकाला पडीत ठेवतो. प्रदर्शनात एका शहाण्या गृहस्थांनी विचारले, “खाली हा भाग अपुरा राहिला का?” मी म्हणालो, “नाही. तिथे तुम्ही पाय ठेवायचे.”